तळटीप १४ : दगडातले पान

१४. हे पान ग्लॉसोप्टेरिसचे, आज नामशेष झालेल्या बीजधारी झाडाचे. दीपनगरसारख्या (ता. भुसावळ) वीजकेंद्रांत जळणारा भारतीय कोळसा बहुतांशी अशाच जंगलांतून, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी साचला. कोळशालगतच्या करड्या शेलवर पानाची जिभेसारखी कड, ठसठशीत मधली शीर आणि शिरांची जाळी नुसत्या डोळ्यांनी दिसते. फूल मात्र या थरांत कुठेच नाही. याउलट, खानदेशातला काळा पाषाण ज्या लाव्हाचा, त्याच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांमधल्या गाळात, मोहगाव कलां (जि. छिंदवाडा) येथे, ताडकुळातली खोडे व फळे मिळतात. सपुष्प वनस्पती मधल्या काळात उत्क्रांत झाल्या, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच आढळतो. लेखकाचा ‘आद्य झाड’ हा शब्द मात्र शब्दशः घेऊ नये. नेचे ग्लॉसोप्टेरिसहून जुने.