विनोदाच्या आड राहिलेला चित्रकार

इंग्लंडातील एका आगगाडीच्या डब्यात दोन स्त्रिया आपल्या मुलांना एका पुस्तकातील वेडगळ पद्ये वाचून दाखवीत होत्या. समोर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या अधिकाराने सांगितले की, या पुस्तकाचा खरा कर्ता अर्ल ऑफ डर्बी हा होय. लिअर नावाचा मनुष्य मुळी नाहीच, ‘अर्ल’ या पदवीची इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून ते नाव बनविले आहे. डब्यातील एका चष्मेवाल्या प्रवाशाला हे ऐकून राहवले नाही. त्याने डोक्यावरची टोपी उतरवून तिच्या आतील नाव दाखविले आणि एडवर्ड लिअर सदेह अस्तित्वात असल्याचे सिद्ध केले. ही हकीकत त्यानेच पुढे आपल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. ती वाचून हसू येते खरे; परंतु ज्या मनुष्याने आपले सारे आयुष्य चित्रकलेला वाहिले, त्याला आपली ओळख मुलांच्या पुस्तकावरून पटवून द्यावी लागावी, यात थोडी विटंबनाही आहे.

लिअरचा जन्म १८१२ साली लंडनजवळ झाला. आईबापांचे हे विसावे अपत्य. घरची सांपत्तिक स्थिती ढासळल्यावर त्याचा सांभाळ एकवीस वर्षांनी वडील असलेल्या अ‍ॅन या बहिणीने केला. दमा, अधू दृष्टी आणि अपस्मार ही तीन दुखणी लहानपणापासून त्याच्या पाठीस लागलेली होती. त्यांपैकी अपस्मार त्याने जन्मभर लोकांपासून लपविला. झटका आला की रोजनिशीत फक्त फुलीची खूण करावयाची, एवढेच. पंधरासोळाव्या वर्षापासून तो पोटासाठी चित्रे काढू लागला.

१८३० साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पोपटांची चित्रे काढण्याची त्याला परवानगी मिळाली. त्या काळी पक्ष्यांची चित्रे बहुधा पेंढा भरलेल्या कातड्यावरून काढीत. लिअर जिवंत पोपटासमोर बसे. रखवालदार पक्ष्याला धरून ठेवी आणि हा त्याच्या पंखांची मापे घेई. मग चित्र स्वतःच्या हाताने शिळाछापाच्या दगडावर उतरवावयाचे, तेही उलटे. प्रती १७५ ठरविल्या होत्या. तेवढ्या छापून झाल्या की दगडावरील चित्र पुसून टाकावे लागे. बेचाळीस चित्रांचा हा ग्रंथ १८३२ मध्ये थांबला, तेव्हा कर्ता अवघा वीस वर्षांचा होता. त्यातील पोपट पाहणाऱ्याकडे मान वाकडी करून संशयाने बघतात. प्रत्येकाचा स्वभाव निराळा दिसतो. शास्त्रीय चित्रात ही गोष्ट आजही विरळा आढळते.

या कामामुळे लॉर्ड स्टॅन्ली, म्हणजे पुढचे तेरावे अर्ल ऑफ डर्बी, यांनी त्याला नोझ्ली येथील आपल्या खासगी प्राणिसंग्रहाची चित्रे काढावयास बोलाविले. दिवसा प्राणी रंगवावे आणि फावल्या वेळी वाड्यातील मुलांसाठी पाच ओळींची पद्ये व हास्यचित्रे करावी, असा क्रम पडला. बारीक पिसे रेखाटताना डोळे दुखू लागले, लंडनची हवा छातीला सोसेना. म्हणून १८३७ मध्ये तो रोमला गेला आणि निसर्गचित्रकार बनला.

१८४६ हे साल मोठे विलक्षण. त्या एका वर्षात इटलीतील प्रवासाची त्याची सचित्र पुस्तके, नोझ्लीच्या प्राण्यांच्या चित्रांचा ग्रंथ आणि मुलांचे ते विनोदी पुस्तक ही सारी बाहेर पडली. प्रवासचित्रे पाहून व्हिक्टोरिया राणीने त्याच्यापाशी चित्रकलेचे बारा धडे घेतले. विनोदी पुस्तकावर मात्र त्याने टोपणनाव घातले. स्वतःचे नाव त्यावर यावयास १८६१ साल उजाडावे लागले. कीर्तीने यांपैकी कोणाचा हात धरला, हे सांगावयास नकोच.

राणीच्या या शिक्षकाला आपले शिक्षण अपुरे असल्याची खंत होती. म्हणून १८५० साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो रॉयल अकॅडमीच्या शाळेत कोवळ्या पोरांच्या रांगेत जाऊन बसला. पुढे होल्मन हंट या पंधरा वर्षांनी लहान चित्रकाराकडून तो तैलरंग शिकला आणि त्यालाच थट्टेने ‘बाबा’ म्हणू लागला. एवढे करूनही लेबाननच्या देवदारांचे त्याचे भव्य तैलचित्र कित्येक वर्षे विकले गेले नाही आणि शेवटी मागितलेल्या किमतीच्या अंशानेच गेले. खरे सांगावयाचे तर त्याची मोठी तैलचित्रे थोडी थकलेली वाटतात. त्याची प्रतिभा दिसते ती जागेवर बसून केलेल्या रेखाटनांत. त्यांवर तारीख, वेळ आणि अनुक्रमांक असतो. रंगांची नावे डोंगरावर, झाडांवर सरळ लिहिलेली असतात आणि मधूनच एखादा शब्द मुद्दाम चुकीचा लिहून त्याने आपलीच थट्टा केलेली असते. घरी आल्यावर त्यावर शाई आणि जलरंग चढत.

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून तो नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईस उतरला, तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. बरोबर कॉर्फू बेटावरचा त्याचा जुना, विश्वासू नोकर जॉर्जिओ होता. दार्जिलिंगहून कांचनगंगा पाहून तो दिङ्मूढ झाला. इतके विराट शिखर कागदावर बसवावे कसे, हाच प्रश्न. तरी त्याची तीन मोठी तैलचित्रे त्याने पुढे केली. १८७४ च्या पावसाळ्याच्या सुमारास तो पुण्यात होता. त्याच वर्षी मुंबईच्या टाइम्समध्ये त्याचे एक विनोदी काव्य छापून आले. साहेबांच्या घरातील हिंदुस्थानी शब्द त्यात नुसत्या आवाजावरून भलत्याच अर्थांनी आले आहेत आणि बिचारा कमरबंद तर माणसे गिळणारे श्वापद झाला आहे! जानेवारी १८७५ मध्ये तो परतला तो साडेपाचशेवर चित्रे घेऊन.

अखेरची वर्षे इटलीतील सान रेमो येथे गेली. समोर उभ्या राहिलेल्या एका हॉटेलाने चित्रशाळेतला उजेड बिघडविला, म्हणून त्याने दुसरे घर बांधले. टेनिसनच्या कवितांवर दोनशे चित्रे करण्याचा संकल्प मात्र अपुराच राहिला. २९ जानेवारी १८८८ रोजी तो तेथेच वारला.

त्याच्या पोपटांच्या ग्रंथात एक मोठा निळा मकाव आहे. त्याने तो दुसऱ्याच जातीच्या नावाखाली रंगविला होता. १८५६ मध्ये बोनापार्ट या पक्षिशास्त्रज्ञाने ही जात निराळी ठरवून तिला लिअरचे नाव दिले. पिंजऱ्यातले पक्षी लोकांना ठाऊक होते. त्यांचे रान कोठे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. ते १९७८ साली ब्राझीलमधील बाहिया प्रांतात सापडले.