लिंबूवर्गीय फळझाडांवरील ग्रीनिंग रोग : प्रतिकारशक्तीविषयक संकल्पनांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संत्रा, मोसंबी व लिंबू या फळझाडांवरील ग्रीनिंग हा आज जगभरातील बागायतीपुढील अत्यंत गंभीर रोग मानला जातो. बाधित झाड पूर्णपणे बरे करणारा खात्रीचा उपाय अद्याप उपलब्ध नाही. रोगकारक जिवाणू वनस्पतीच्या प्रतिकारयंत्रणेस कसा निष्प्रभ करतो, या प्रश्नाच्या उकलीचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कारणाचा शोध

१९१९ साली रेनकिंग यांनी दक्षिण चीनमधील या रोगाची नोंद केली. पाणथळ जमीन किंवा अन्नद्रव्यांची कमतरता ही त्याची कारणे समजली जात. १९५६ मध्ये लिन कुंग-शियांग यांनी हा रोग कलमाद्वारे पसरतो, हे दाखवून दिले. भारतात हुसेन व नाथ यांनी १९२७ मध्येच सिट्रस सायला या किडीचा अभ्यास केला होता. परंतु झाडांच्या हानीचा दोष त्यांनी किडीलाच दिला. पुण्यात संशोधन करणारे कपूर व त्यांचे सहकारी राव आणि विश्वनाथ यांनी १९६७ मध्ये ही कीड केवळ वाहक असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर १९७० मध्ये फ्रान्समधील बोव्हे व लाफ्लेश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून रसवाहिन्यांत सूक्ष्मजीव दिसले. १९९४ मध्ये त्यांची जिवाणू म्हणून वर्गवारी झाली. प्रयोगशाळेत शुद्ध संवर्धन न झाल्याने 'लिबेरिबॅक्टर' या नावामागे 'कॅन्डिडेटस' हे पद लागले, ते आजही कायम आहे.

प्रतिकारशक्तीचे दमन

२००९ मध्ये या जिवाणूचा जनुकसंच उलगडला. अनेक वनस्पती-रोगकारक जिवाणू ज्या सुईसारख्या यंत्रणेने पेशीत प्रथिने सोडतात, ती येथे आढळली नाही. मग दमन होते कसे? सॅलिसिलिक आम्ल हा वनस्पतीचा संरक्षक संदेशवाहक होय. त्याचे विघटन करणारे विकर या जिवाणूकडे असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. २०१८ मध्ये त्याचे 'एसडीई-१' हे प्रथिन वनस्पतीच्या संरक्षक प्रथिन-विघटक विकरांना रोखते, असे निदर्शनास आले.

२०२२ मध्ये मात्र फ्लोरिडातील संशोधकांनी वेगळा निष्कर्ष मांडला. रसवाहिन्यांतील पेशींचा नाश मुख्यत्वे झाडाच्याच दीर्घकालीन प्रतिकारप्रतिक्रियेमुळे होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी ठरतातच असे नाही. अंशतः दमनामुळे जिवाणू तग धरतो आणि त्याच्या दीर्घ वास्तव्याने झाडाची प्रतिक्रिया अखंड चालू राहते, अशी त्यांची सांगड घालता येते.

समारोप

फ्लोरिडात २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्यांचे उत्पादन झाले होते. २००५ मध्ये तेथे हा रोग आढळला आणि २०२३-२४ पर्यंत उत्पादन २ कोटी पेट्यांच्याही खाली आले. या घसरणीत चक्रीवादळे व नागरीकरण यांचाही वाटा आहे. केवळ दमन हेच रोगाचे मूळ असेल, तर अधिक प्रतिकारक्षम वाण हितकारक ठरतील. परंतु अतिप्रतिक्रिया हे मूळ असेल, तर तीच दिशा घातक ठरू शकेल. जमिनीला, मग किडीला दोष देणाऱ्या निदानांत अर्धशतक गेले. नागपुरी संत्र्याच्या बागायतदारास पुन्हा तशी किंमत मोजावी लागू नये, हाच या इतिहासाचा बोध होय.