आठ सणांचें वर्षचक्र

इंग्लंडांतील कांहीं घरांतून वर्षांतून आठ वेळां एक लहानसा उत्सव होतो. सुमारें साडेसहा आठवड्यांनीं त्याची पाळी येते. कधीं अंगणांत शेकोटी पेटते, कधीं नव्या धान्याचा पाव मोडून वांटला जातो, कधीं मृतांच्या नांवानें दिवा लागतो. ख्रिस्ती चर्चशीं या उत्सवांचा कांहीं संबंध नाहीं. ते पाळणारे लोक स्वतःस 'पेगन' म्हणवितात. ख्रिस्तपूर्व युरोपांतील निसर्गपूजा आपण पुन्हां चालवीत आहों, अशी त्यांची भावना असते. 'विक्का' हा त्यांतलाच एक प्रमुख पंथ होय. २०२१ च्या जनगणनेंत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ७४ हजार लोकांनीं आपला धर्म 'पेगन' व सुमारें १३ हजारांनीं 'विक्का' असा लिहविला. सहा कोटींच्या जवळ पोंचलेल्या लोकसंख्येंत हा आंकडा अल्प खरा. परंतु या आठ सणांचा इतिहास मात्र मोठा उद्बोधक आहे.

ऑक्टोबर संपतां संपतां साविन, उत्तरायणारंभीं यूल, फेब्रुवारीच्या आरंभीं इंबोल्क, वसंतसंपातीं ऑस्टारा, मे महिन्याच्या आरंभीं बेल्टेन, दक्षिणायनारंभीं लिथा, ऑगस्टच्या आरंभीं लूनसा आणि शरत्संपातीं मेबन, असा हा क्रम. त्यास 'वर्षचक्र' म्हणतात. हें चक्र पाषाणयुगापासून अखंड फिरत आलें. चर्चनें तें पाळणाऱ्यांस चेटकिणी ठरवून जाळलें, तरी तें थांबलें नाहीं, अशी कथा विसाव्या शतकांतील अनेक पुस्तकांतून सांगितली गेली. कथा भव्य आहे. पण इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाहीं. या चक्राचे आरे निरनिराळ्या सुतारांनीं निरनिराळ्या काळीं घडविलेले आहेत, आणि ते एका तुंब्यांत बसविण्याचें काम तर १९५० नंतरचें आहे.

चार आरे खरोखर जुने आहेत. साविन, इंबोल्क, बेल्टेन व लूनसा हीं नांवें आयर्लंडच्या मध्ययुगीन वाङ्मयांत स्पष्टपणें येतात. (पहिल्याचीं रोमन अक्षरें पाहून 'समहेन' असें वाचण्याचा मोह होतो, आयरिश लिपिपद्धति परक्यास अशीच फसविते.) हे सण गुरें पाळणाऱ्या समाजाचे होत. मे लागला कीं गुरें उन्हाळी कुरणांवर जावयाचीं आणि नोव्हेंबर लागला कीं परत यावयाचीं. त्या दोन दिवसांवर सारें वर्ष टांगलेलें असे. इ. स. ९०० च्या सुमारास रचलेल्या 'कॉर्मकच्या कोशां'त बेल्टेनविषयीं असें सांगितलें आहे कीं, त्या दिवशीं द्रुइद नांवाचे पुरोहित दोन अग्नि पेटवीत आणि गुरांस वर्षभर रोगराई होऊं नये म्हणून तीं त्या अग्नींच्या मधून हांकलीं जात. आयर्लंड व स्कॉटलंडच्या खेड्यांतून अशा चाली अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत लोकांनीं प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. इंबोल्कचा संबंध मेंढ्यांना दूध येण्याच्या दिवसांशीं जोडला जाई. तोच दिवस पुढें संत ब्रिजिडचा झाला, आणि २०२३ पासून आयर्लंडच्या सरकारनें त्यानिमित्त फेब्रुवारींत सार्वजनिक सुटीहि सुरू केली. आयरिश भाषेंत तर मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांचीं नांवेंच बेल्टेन, लूनसा व साविन यांचीं आहेत. परंतु हें सारें वैभव गेलिक भाषिकांचें. इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन शेतकऱ्यास 'इंबोल्क' हा शब्द ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

उरलेले चार सण सूर्याचे. त्यांपैकीं यूल हा उत्तरेकडील जर्मानिक लोकांचा हिंवाळी उत्सव प्राचीन आहे, यांत शंका नाहीं. स्टोनहेंजच्या प्रचंड शिला इ. स. पूर्वी २५०० च्या सुमारास अयनदिनांच्या सूर्याकडे रोखून उभ्या केल्या गेल्या, हेंहि खरें. मात्र त्या उभारणाऱ्यांनीं एक अक्षरहि लिहून ठेवलेलें नाहीं, आणि ज्या द्रुइदांशीं लोक त्यांचा संबंध जोडतात ते त्यांच्यानंतर दोन हजारांवर वर्षांनीं इतिहासांत प्रकट होतात. द्रुइद अयनदिन आणि संपात हे चारी दिवस पाळीत, ही समजूत पसरविण्याचें श्रेय एडवर्ड विल्यम्स या वेल्श पाथरवटाकडे जातें. 'योलो मॉर्गनुग' या टोपणनांवानें तो कविता लिही, आणि स्वतः रचलेलें पुष्कळसें प्राचीन भाटांच्या नांवावर खपवी. २१ जून १७९२ रोजीं लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्यानें भाटांचा पहिला मेळा भरविला. असा प्रतिभावान् लबाड क्वचितच सांपडेल. वेल्सच्या राष्ट्रीय वाङ्मयोत्सवांत त्याचा तो मेळा आजहि मानानें भरतो.

आतां या दोन चौकड्या एकत्र कशा आल्या? येथें एका बाईंचें नांव येतें. मार्गरेट मरे यांचा जन्म १८६३ सालीं कलकत्त्यास झाला. विद्वत्ता प्राचीन इजिप्तची. १९२१ सालीं त्यांनीं पश्चिम युरोपांतील चेटकिणींवर ग्रंथ लिहिला. चेटकाच्या खटल्यांतील आरोपी हे गुप्तपणें टिकून राहिलेल्या ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते, असें त्यांचें प्रतिपादन. त्या धर्माच्या चार महासभांस आधार कोणता? १६६१ सालीं स्कॉटलंडांतील फॉरफर गांवीं पकडलेल्या इसोबेल स्मिथ नांवाच्या स्त्रीचा कबुलीजबाब. आपण दर तिमाहीस सैतानास भेटत असूं, असें तिनें सांगितलें, आणि दिवस दिले ते मेणबत्त्यांचा सण, क्रूसाचा दिवस, नव्या पावाचा सण व सर्व संतांचा सण. चारी नांवें ख्रिस्ती पंचांगांतलीं! त्यांतील पहिला व तिसरा हे तर स्कॉटलंडांत खंड भरण्याचे ठरलेले दिवस. चौकशीच्या कचाट्यांत सांपडलेल्या बाईस तारखा विचारल्या, तेव्हां तिला जे दिवस पाठ होते तेच तिनें सांगितले असावेत, हें सरळ अनुमान मरे यांस सुचलें नाहीं.

जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यानें मरे यांचें मत उचललें. सिलोन, बोर्निओ व मलाया येथें आयुष्य घालवून, शेवटीं जकात खात्यांतून निवृत्त होऊन हा गृहस्थ १९३६ सालीं इंग्लंडास परतला. चेटकाचें ढोंग करणाऱ्यांस शिक्षा सांगणारा १७३५ चा कायदा १९५१ सालीं रद्द झाला. त्यानंतर १९५४ सालीं गार्डनरनें पुस्तक लिहून, हा प्राचीन धर्म जिवंत असून आपणांस त्याची दीक्षा मिळाली आहे, असें जाहीर केलें. प्रस्तावना मरे यांची. गार्डनरच्या पंचांगांत महत्त्व मरे यांच्या चार दिवसांस होतें. त्याचा स्नेही रॉस निकोल्स हा द्रुइद संघांतला, तो सूर्याच्या चार दिवसांचा पुरस्कर्ता. पुढें १९५८ सालीं हर्टफर्डशरमधील ब्रिकेट वुड येथील मंडळीनें या चार दिवसांसहि बरोबरीचा मान मागितला. गार्डनरनें तो दिला, आणि आठ आऱ्यांचें चाक पुरें झालें. नांवें तर याहूनहि अलीकडचीं. 'लिथा', 'ऑस्टारा' व 'मेबन' हीं १९७४ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील एडन केली यानें बसविलीं. 'लिथा' हें इ. स. ७२५ मध्यें बीड या मठवासी इतिहासकारानें नोंदलेलें महिन्यांचें नांव; 'ऑस्टारा' ही बीडनें उल्लेखिलेल्या एका देवीवरून याकोब ग्रिमनें १८३५ सालीं कल्पिलेली; 'मेबन' हा वेल्श कथांतील एक वीर, त्याचा शरत्संपाताशीं संबंध नाहीं.

इतिहासकार रोनाल्ड हटन यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत विक्काचा हा सारा उगम कागदोपत्रीं मांडला. कांहीं अनुयायी रागावले. पण पुष्कळांनीं तो स्वीकारला, आणि सण सोडले नाहींत. त्यांत विसंगति कांहीं नाहीं. प्रत्येक सण कोणीतरी, कधींतरी प्रथम केलेलाच असतो. हरकत आहे ती दुसऱ्या गोष्टीस. युरोपांत चेटकाच्या आरोपाखालीं सुमारें चाळीस ते साठ हजार माणसें मारलीं गेलीं. तीं बहुतेक सामान्य ख्रिस्ती माणसें होतीं. प्रार्थना करणारीं, चर्चमध्यें लग्नें लावणारीं. त्यांस गुप्त धर्माचे हुतात्मे म्हणणें म्हणजे न्यायाधीशांनीं त्यांच्यावर लादलेला आरोपच, गौरवाच्या भाषेंत का होईना, पुन्हां लादणें होय.

चक्र मात्र अजून फिरत आहे, आणि नव्या भूमींत उलटेंहि फिरत आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. तेथील बहुतेक पेगनांनीं तारखांपेक्षां ऋतु खरा मानला आणि पंचांग सहा महिन्यांनीं सरकविलें. यूल जूनमध्यें, साविन मे महिन्याच्या आरंभीं. त्यामुळें ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळीं गल्लींतलीं मुलें हॅलोवीनचे मुखवटे चढवून दारोदार हिंडत असतात, आणि त्याच वेळीं एखाद्या अंगणांत वसंताच्या स्वागतासाठीं बेल्टेनची शेकोटी पेटलेली असते.