उंची उतरवलेली गाडी आणि कॉइलओव्हर : दोषनिदानाचे विवेचन

कॉइलओव्हर म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती बसवलेली स्प्रिंग यांचा एकत्रित घटक. त्याच्या नळकांड्यावर आटे असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवर फिरवून वर-खाली नेता येते. प्रस्तुत विवेचनात मॅकफर्सन स्ट्रट असलेला पुढचा भाग गृहीत धरला आहे. छोट्या मोटारींत बहुधा तीच रचना आढळते. आणखी तीन संज्ञा प्रथम निश्चित करू. गाडी स्थिर उभी असताना तेथून चाक जितके वर जाऊ शकते ती ऊर्ध्व चाल, जितके खाली लोंबू शकते ती अधो चाल, आणि ऊर्ध्व चालीच्या टोकाला आघात झेलणारा रबरी किंवा फोमचा ठोकळा म्हणजे बंप स्टॉप.

‘गाडी कडक झाली’ ही सर्वांत सामान्य तक्रार. या कडकपणाची उगमस्थाने तीन : स्प्रिंग, अवमंदन (डॅम्पिंग, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा हालचालीला होणारा विरोध) आणि बंप स्टॉप. तिन्हींचा अनुभव चालकाच्या पाठीला जवळजवळ सारखाच येतो, उपाय मात्र परस्परविरुद्ध असू शकतात. म्हणून अवमंदन कमी-जास्त करणाऱ्या फिरकीला हात लावण्यापूर्वी प्रकार ठरवणे क्रमप्राप्त आहे.

प्रथम स्प्रिंग. एका चाकावरील तोललेला भार २८० किलो आणि स्प्रिंगचा दर प्रति मिलिमीटर ५ किलो असेल, तर स्थिर स्थितीत स्प्रिंग ५६ मिलिमीटर दबते. या दबण्यावरूनच नैसर्गिक वारंवारता निघते. येथे ती सेकंदाला सुमारे २.१ आवर्तने येते. सामान्य प्रवासी मोटारीत ती १ ते १.५ च्या आसपास ठेवलेली असते. सारांश, हा कडकपणा स्प्रिंग विकत घेतानाच स्वीकारलेला आहे. त्याला दोष म्हणता येत नाही.

याच गणितातून एक रूढ समज खोटा ठरतो. बैठक १० मिलिमीटर वर चढवल्याने स्प्रिंग कडक होते, असे गॅरेजमध्ये सर्रास सांगितले जाते. वस्तुतः भार तोच आणि दर तोच असल्यामुळे दबणेही ५६ मिलिमीटरच राहते. गाडी तेवढी वर येते, इतकेच. उलटपक्षी, बैठक खाली नेली की गाडी उतरते आणि ऊर्ध्व चाल त्याच प्रमाणात घटते. ज्या कॉइलओव्हरचा खालचा कंसही आट्यांवर फिरतो, त्यात उंची कंसाने बदलावी, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या आतील चाल अबाधित राहते. हा भेद न पाळणे हे तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे बंप स्टॉपच्या कडकपणाचे, प्रमुख कारण होय.

या तिसऱ्या प्रकाराची परीक्षा सोपी आहे. धूळरोधक आवरण वर सारून शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर प्लास्टिकची केबल-पट्टी बेताने आवळावी, नळकांड्याच्या तोंडापर्यंत खाली सरकवावी आणि नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. पट्टी जेथे थांबली असेल, तेथपर्यंत चाल वापरली गेली. ती बंप स्टॉपला जाऊन टेकली असेल, तर निदान पूर्ण झाले. (उलट्या बसवलेल्या मोनोट्यूबमध्ये दांडा बाहेर दिसत नाही, तेथे ही युक्ती चालत नाही.) इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशांतील गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीतला गतिरोधक बहुधा तितकाच उंच पण त्याच्या अंशानेही रुंद नसतो. चाल संपते ती अशाच ठिकाणी.

आता अवमंदन. बहुतेक मालक येथून सुरुवात करतात, आणि चूक येथेच होते. गतिरोधकानंतर गाडी दोन-तीन वेळा डोलत राहिली तर अवमंदन अपुरे. परंतु अतिरिक्त अवमंदनाचे लक्षण फसवे असते. अनेक एक-फिरकी कॉइलओव्हरमध्ये फिरकीचा परिणाम मुख्यतः प्रसरणावर, म्हणजे दबलेला शॉकॲब्सॉर्बर पुन्हा लांबण्यावर, होतो. प्रसरण फार मंद झाले, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो. गाडी टप्प्याटप्प्याने खाली ओढली जाते आणि अखेर बंप स्टॉपवर आदळते. हा आघात कमी व्हावा म्हणून फिरकी आणखी आवळली, तर दोष वाढतो. फिरकीच्या टकटक (क्लिक) नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजाव्यात, आणि डाव्या-उजव्या बाजूंची संख्या समान असावी.

आवाजाचे निदान तो कोणत्या स्थितीत येतो यावरून करावे. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टंग’ असा आवाज आला, तर स्प्रिंग आपल्या बैठकीवर अडकून सुटते आहे. वरच्या माउंटचे बेअरिंग तपासावे. संथ वेगात बारीक खडबडीवर खटखट असेल, तर स्टॅबिलायझर बारच्या लिंक दोन्ही बाजूंनी सोडून, त्या कशालाही लागणार नाहीत अशा बांधून, सावकाश फेरी मारावी. आवाज थांबला तर दोष लिंकचा, अन्यथा वरचा नट किंवा बैठकीची लॉक रिंग पाहावी. चाक लोंबकळताना खडखड होत असेल, तर गणित पुन्हा उपयोगी पडते : पूर्वभार (चाक लोंबत असतानाही स्प्रिंगवर राहणारा दाब) नसताना अधो चाल ८० मिलिमीटर असेल, तर ५६ मिलिमीटरनंतर स्प्रिंग २४ मिलिमीटर सैल सुटते. त्यावर हेल्पर स्प्रिंग, म्हणजे ही सैल जागा भरून काढणारी मऊ जोडस्प्रिंग, हा उपाय.

शेवटी भूमिती. गाडी उतरवली की मॅकफर्सन रचनेत रोल सेंटर (गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जाते. म्हणून स्प्रिंग न बदलता केवळ उतरवलेली गाडी वळणावर अपेक्षेहून जास्त झुकू शकते. टायरची आतली कड झिजल्यास दोष कॅम्बरवर (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या कलावर) टाकला जातो, पण झपाट्याच्या झिजेमागे बहुतेकदा टो (वरून पाहता चाकाचे आत-बाहेर वळलेले असणे) असतो. दुरुस्तीचा क्रम निश्चित आहे : आधी उंची, मग बुशचे बोल्ट, मग अलाइनमेंट. गाडी जॅकवर, चाके लोंबत असताना लोअर आर्मचे बोल्ट आवळले, तर जमिनीवर आल्यावर बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ते चाकावर भार देऊनच आवळावेत. दांड्यावर तेलाचा पुसट थर दिसणे स्वाभाविक आहे. नळकांड्यावरून ओघळ आला असेल, तर तो शॉकॲब्सॉर्बर कोणत्याही फिरकीने सुधारत नाही.