नोकरी धरावी की सोडावी? बडोदा, सिडनहॅम आणि महारवतनाचा धडा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो : "दादा, आहे ती नोकरी सोडू का?" विचारणारा कधी एजन्सीमार्फत कंत्राटावर लागलेला ऑपरेटर असतो, कधी अकरा महिन्यांच्या करारावर काम करणारी नर्स. पगार पुरत नाही, कायम होण्याची आशा नाही आणि बाहेर भरतीचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि तरुण रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. महिन्याभरात धोरण असे उलटसुलट होत असेल, तर तरुणाने कशाच्या भरवशावर ठरवायचे?

घरचे म्हणतात, "आहे ते धर." आपले काही उत्साही कार्यकर्ते म्हणतात, "लाथ मार, बाबासाहेबांनी नोकऱ्या लाथाडल्या." आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. बाबासाहेबांनी नोकरी सोडली हे खरे, पण ती कधी आणि कशी सोडली हे आपण नीट वाचलेले नाही.

पहिली नोकरी बडोद्याची. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानात दहा वर्षे सेवा करायची होती, म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी सराईत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. मित्रांनीही आसरा दिला नाही. कामाठी बागेत संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. हाताशी दुसरी सोय नव्हती. मुंबईत शिकवण्या केल्या, शेअर-व्यवहारात सल्ला देण्याचा उद्योग काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके आली नाहीत. ते जाणे बरोबरच होते, पण तयारीविना जावे लागल्याची किंमत घराने मोजली.

दुसरी नोकरी सिडनहॅम कॉलेजातली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. महायुद्ध नुकतेच संपले होते, इन्फ्लुएंझाची साथ होती आणि महागाई भडकलेली होती. अशा काळात एवढा पगार म्हणजे कुणीही आयुष्यभर धरून ठेवावी अशी नोकरी. तिथेही काही सहकाऱ्यांनी स्टाफच्या माठातले पाणी प्यायला हरकत घेतलीच. पण या वेळी बाबासाहेबांपुढे मुदत स्पष्ट होती : लंडन विद्यापीठाने अपुरे शिक्षण पुरे करायला चार वर्षांची सवलत दिली होती. त्यांनी पगारातून पैसे साठवले. रमाईने ठरलेल्या रकमेत घर चालवले. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, पण सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव त्यावर घालता आले नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली, त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली आणि जुलैत ते लंडनला निघाले. साठवलेल्या पैशाला शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या पाच हजारांच्या कर्जाची जोड होती.

इथे कुणी म्हणेल, "ते बाबासाहेब होते. आमच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत." बरोबर आहे. पण आम्ही त्यांच्या प्रतिभेचे उदाहरण देत नाही, क्रमाचे देत आहोत. त्यांनी आधी कशासाठी सोडायचे ते ठरवले, मग मुदत, मग शिल्लक, मग मदतीचे हात आणि शेवटी राजीनामा. हा क्रम साध्या घरालाही पाळता येतो.

आता "आहे ते धर" म्हणणाऱ्यांकडे वळू. आपल्या समाजाची सर्वांत जुनी 'पक्की' नोकरी म्हणजे महारवतन. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे, कुणी काढून न टाकणारे. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि गावाकडून बलुते. बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी निरोप पोचवायचा, साहेब आला की राबायचे आणि वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बलुते द्यायचे की अडवायचे हे मात्र गाव ठरवी. ज्या नोकरीची सुरक्षा देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, तिला सुरक्षित म्हणता येत नाही.

तरीही वतन सोडायला आपलेच कितीतरी लोक धजावत नव्हते. त्यांना आम्ही भेकड म्हणणार नाही. उद्याच्या भाकरीची भीती खरी होती. बाबासाहेबांनाही ती कळत होती. म्हणून १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात नुसते 'सोडा' नव्हते. सेवेतून मोकळे व्हायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी, बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, अशी सोय होती. म्हणजे माणसाने साखळी तोडली तरी तो उपाशी पडू नये. विधेयक मंजूर झाले नाही. कायद्याने वतन जायला १९५८ साल उजाडले. पण कायद्याची वाट न पाहता कितीतरी घरांनी गाव सोडून गिरणी, रेल्वे, गोदी गाठली. गिरणीतही विटाळाच्या नावाखाली विणकाम खाते आपल्याला बंद होते, म्हणजे नवी नोकरीही जातीतून सुटलेली नव्हती. तरी मुलांना शाळा मिळाली आणि संघटना बांधायला सवड मिळाली.

म्हणून प्रश्न विचारणाऱ्या भावंडांना आमचे सांगणे असे. नोकरी पक्की आहे का, एवढेच पाहू नका. ती शिकायला, बोलायला, संघटित व्हायला जागा ठेवते का ते पाहा. ठेवत असेल तर पगार कमी असला तरी काही काळ धरा आणि तो काळ तयारीला वापरा. ठेवत नसेल तर बाहेर पडायची तारीख आजच ठरवा आणि त्या तारखेपर्यंत किमान काही महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. अपमान किंवा अत्याचार असेल तर मात्र शिल्लक मोजत बसू नका. बडोद्याहून निघालेली गाडीसुद्धा आपल्याच इतिहासाचा भाग आहे.

आणि चळवळीला एक प्रश्न. बाबासाहेबांमागे रमाईची काटकसर, शाहू महाराज आणि भथेना होते. आज नोकरी सोडून शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलीमागे कोण आहे? जयंतीच्या वर्गणीतला काही भाग प्रत्येक वस्तीने अशा मुलामुलींसाठी बिनव्याजी निधी म्हणून बाजूला काढावा. "सोड" म्हणणारा माणूस सोडल्यानंतरच्या सहा महिन्यांत सोबत नसेल, तर त्याला तसे सांगण्याचा अधिकार नाही. आमच्या अभ्यासिकेत आम्ही येत्या १४ एप्रिलपासून ही सुरुवात करत आहोत. आपणही करा.

जय भीम!