शिशाचा मासा आणि रंगाचं कवच

भिलाई म्हटलं की पोलाद आठवतं. पण या कारखान्याची तहान भागवणाऱ्या मरोदा जलाशयाला पाणी येतं तांदुळा धरणाचं. धरण १९२१ साली पूर्ण झालं, कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ मध्ये. म्हणजे इथे पाणी आधी, पोलाद नंतर. आणि पाणी आलं की गळ आलाच. आज बोलूया गळाच्या एका हौशी अवताराबद्दल: घरी केलेली 'जिग'. म्हणजे गळावर ओतलेलं शिशाचं डोकं आणि मागे बांधलेली पिसं किंवा केस. मरळीसारख्या शिकारी माशाला तो छोटा मासाच वाटावा, एवढाच डाव.

आपल्याकडे गळाची विद्या जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. जुन्या मराठी पदांसाठी आपण तो ओळखतो, पण त्यात 'मत्स्यविनोद' हेही प्रकरण आहे. तिथलं आमिष मात्र खरं, खाण्याचं.

फसवं आमिष त्याहूनही जुनं. इ.स. २००च्या आसपास एलियन हा रोमन लेखक मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहितो: गळाला लाल लोकर गुंडाळायची, वर कोंबड्याची दोन पिसं बांधायची. बांधणीचं तत्त्व आजही तेच.

रंगाचं काम नंतर वाढलं. शिसं मऊ, खडकावर आपटलं की टवका उडतो. म्हणून आधी डोकं घासून स्वच्छ करायचं, मग पांढरा थर, कारण काळपट धातूवर रंग खुलत नाही. तो वाळला की रंग, मग डोळा, शेवटी पारदर्शक लेप. गळाचं नेढं मोकळं ठेवायचं. पिसं त्यानंतर बांधायची, म्हणजे ती रंगात माखत नाहीत. दोऱ्याचे वेढे घट्ट, गाठीवर पुन्हा लेप.

पण रंग शिसं झाकतो, त्याचं विष संपवत नाही. राजहंस शिशाची वजनं गिळून मरू लागले, तेव्हा ब्रिटनने १९८७ मध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. भारतातही नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दशलक्षात ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. मग तेच शिसं स्वयंपाकघरात वितळवायचं कशाला? कथिलाची जिग थोडी हलकी भरते, पण रंग तितकाच छान धरते.

भिलाईकरांना वेगळं सांगायला नको: रंगाचा भरवसा टवका उडेपर्यंतच. भेटू पुढच्या भागात!