'पिंगा'वरचा राग

२०१५ साली 'बाजीराव मस्तानी' पाहून थिएटरबाहेर आलो, तेव्हा सगळी चर्चा 'पिंगा'चीच. पेशव्यांच्या घरातल्या बायका अशा नाचतील का? मीही तावातावाने बोलत होतो. आक्षेप चूक नव्हता. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्याचा पुरावा नाही. पण सिनेमाला आधार होता तो ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'चा, आणि तीही कादंबरीच.

इतिहास जास्त टोचतो. घरच्यांनीच मस्तानीला कैदेत ठेवलं. १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ तीही गेली. मुलगा समशेरबहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्या जखमांनी गेला.

कैद सिनेमातही दिसली होती. तिच्यावर मात्र आमच्यातलं कुणीच चिडलं नाही.